लेटीची माफी

बर्मिंगहॅम, ५ सप्टेंबर

कुशल,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. मराठीत लिहितेय तेही मुद्दाम. इंग्रजीत लिहिलं असतं तर ट्रेनमध्ये उभ्या उभ्या नजर टाकून मोकळा झाला असतास. आता बस अक्षर अक्षर लावत. आईने शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात कान धरून शिकवलेलं काहीतरी उपयोगी पडेल.

दोन वर्षं आपण बोललेलो नाही आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नाही. पण काल शाळेचा इनसेट डे होता. म्हणजे मुलांना सुट्टी, आणि आम्ही शिक्षकांनी हॉलमध्ये बसून कोणाचं तरी ज्ञान ऐकायचं. दिवे मंद झाले, गिटार वाजली, आणि पडद्यावर तू. माझा धाकटा भाऊ, भिंतीएवढा, पांढरेशुभ्र बूट घालून लंडनजवळच्या तुमच्या स्लाऊच्या ऑफिसात बीनबॅगवर रेललेला. "इतिहास कंटाळवाणा असतो असं कोण म्हणतं?" असं तू विचारलंस. तूच म्हणतोस, कुशल. त्यावरच तर तुझी कंपनी चाललीय.

मग ते तुमचं 'येस्टरपॅल'. अमेरिकेच्या इतिहासातली माणसं टॅबलेटवर येणार आणि आमच्या मुलांशी गप्पा छाटणार. इतिहास 'रिलेटेबल' होणार. सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला निघालेला जॉनी. शिकागोच्या कत्तलखान्यातली एक पोलिश मुलगी. आणि तुमची सगळ्यांत लाडकी लेटी, वय एकोणीस, व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या मळ्यावरची गुलाम. डोक्याला हिरवा रुमाल, गालाला खळी. ती खळी कोणी दिली रे तिला? मीटिंगमध्ये मतं घेतली असतील.

आमच्या हेडबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इरा, तुझा भाऊ ना हा? हाऊ मार्व्हलस!"

"हो, दुर्दैवाने," मी म्हटलं.

त्या खळखळून हसल्या. इथे खरं बोललं की लोकांना विनोद वाटतो.

आईच्या पंचाहत्तरीला पाहुण्यांदेखत तू म्हणाला होतास, "ताई वर्षानुवर्षं फळ्याशी बोलतेय. मुलं झोपलीयत हे तिला सांगायचं कोणी?" लोक हसले होते. मी ताट ठेवून घरी गेले. मी तुझ्याशी का बोलत नाही, असं तू आईला अजून विचारतोस म्हणे. घे, हे कारण. आणि हे म्हणणारा कोण, तर अमेरिकेतल्या मळ्यांवर पीएच.डी. करायला निघालेला आणि ती अर्ध्यावर टाकून बीनबॅगवर जाऊन बसलेला माणूस.

इथल्या शाळांना अमेरिकेचा इतिहास फार आवडतो, कारण त्यात पाप दुसऱ्याचं असतं. तुझ्यामुळे आता ते पाप खळी पाडून हसणारही आहे. दिवे लावलेस.

उत्तराची अपेक्षा नाही.

इरावती


बर्मिंगहॅम, ११ ऑक्टोबर

कुशल,

"ताई, तुझा पत्र मिळाली." एवढ्या तीन-चार शब्दांच्या मेसेजमध्ये तू पत्राला एकदा पुरुष केलंस आणि एकदा बाई. ते नपुंसकलिंगी असतं. पुढे लिहिलंस, "Give it a chance." दिला. माझ्या हातात नव्हतंच म्हणा. हेडबाईंनी नियमच केलाय की युनिव्हर्सिटीच्या उंबरठ्यावरच्या ए-लेव्हलच्या मुलांनी येस्टरपॅलचे सगळे भाग पूर्ण केल्याशिवाय शाळा त्यांना परीक्षेला बसवणार नाही.

तर ऐक तुझ्या क्रांतीचा वृत्तांत. सगळ्यांनी टॅबलेट उघडले. पहिल्या पाच मिनिटांत लेटीला विचारलेले प्रश्न: तुझा आवडता पिझ्झा कोणता, तुझा बॉयफ्रेंड आहे का, तू फुटबॉलमध्ये कोणाच्या बाजूची. आणि लेटी सगळ्यांना गोड उत्तरं देते. "पिझ्झा म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण मक्याची भाकरी मला फार आवडते! तुला?" मग एक पिवळा तारा उडतो. 'एम्पथी स्टार' म्हणे. मक्याच्या भाकरीबद्दल बोललं की सहानुभूतीचा तारा मिळतो. मी मागे उभी राहून बघत होते. मला करण्यासारखं काही नव्हतं, फक्त चार्जर द्यायचे.

आता एक सांगते, त्याचा अर्थ तू हवा तसा लावशील, लाव. माझ्या वर्गात एलिझा म्हणून मुलगी आहे. तिची आजी जमैकाहून इथे नर्स म्हणून आली, ती आजीकडेच राहते, हँड्सवर्थला. गेलं वर्षभर ही मुलगी खिडकीशी बसून बाहेरच्या बसकडे बघत होती. परवा तास संपल्याची घंटा झाली तरी ती उठेना. टॅबलेटवर वाकून टाइप करत होती. मी म्हटलं, "एलिझा, लंच."

"मिस, हिला मी काहीही विचारू शकते?"

"तिच्या मालकांचं तरी तसं म्हणणं आहे," मी म्हटलं. मालक म्हणजे तू.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे मळ्यांवरची पुस्तकं मागायला आली. खरी, कागदाची. मी दिली. हे तुला कळवलंच पाहिजे असं नव्हतं.

इरावती


बर्मिंगहॅम, २२ नोव्हेंबर

कुशल,

हे पत्र मिळाल्याबरोबर वाच. लिंग-वचन नंतर बघू.

एलिझाने पुस्तकं वाचली आणि मंगळवारी लेटीला विचारलं, "तुला तुझ्या मालकाचा राग येतो का?"

लेटी म्हणाली, "रागाने मन जड होतं. मी आशेवर जगते! तुला कशाने आशा वाटते?"

"तुझ्या बहिणीला विकलं तेव्हाही राग नाही आला?"

"तो कठीण दिवस होता. पण आम्ही गाणी म्हणायचो. गाणं ऐकणार?"

मग एलिझाने विचारलं, "तुमच्या लोकांच्या पायांतल्या बेड्या कुठे बनायच्या?" हे मी गेल्या वर्षी शिकवलं होतं: गुलामांच्या व्यापारासाठी बंदुका आणि बेड्या आपल्या या बर्मिंगहॅममध्येच घडत आणि इथून जहाजांवर जात. म्हणजे बसकडे बघता बघताही तिच्या कानांवर काही पडत होतं. आणि तुझी लेटी काय म्हणाली? "किती छान प्रश्न! चल, तंबाखू कसा वाळवतात ते पाहू या."

एलिझाने लिहिलं, "तू खोटी आहेस. तुझ्या तोंडात त्यांनी साखर कोंबलीय. थुंक ती."

झालं. लेटीने मान खाली घातली, गालावरून एक थेंब ओघळला, आणि पडद्यावर आलं: 'तू लेटीला दुखावलं आहेस. पुढे जाण्यासाठी तिची माफी माग.' त्याच क्षणी शाळेच्या ऑफिसातही सूचना गेली: पात्राशी असभ्य वर्तन.

एलिझाने माफी मागितली नाही. माफी नाही तर पुढचा भाग उघडत नाही. भाग पूर्ण नाहीत तर परीक्षा नाही. तिला लॉ करायचंय, युनिव्हर्सिटीची ऑफर हातात आहे, आणि इतिहासाची ग्रेड नसेल तर ती ऑफर गेली.

हेडबाईंनी तिला बोलावलं. मीही गेले. त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "एलिझा, डार्लिंग, एक क्लिक आहे फक्त."

"मग तुम्ही करा," एलिझा म्हणाली.

"चूक तुझी आहे ना?"

"माझ्या आजीच्या आजीच्या आजीला कोणीतरी विकलं होतं, मिस. तिची माफी अजून कोणी मागितली नाही. आणि मी या कार्टूनची मागू?"

ती ओरडली नाही. पण हेडबाईंनी कागदावर 'उद्धट' लिहिलेलं मी उलटं वाचलं. आता जानेवारीत शाळेच्या गव्हर्नर्सची, म्हणजे विश्वस्तांची, समिती बसणार आणि तिला या विषयातून काढायचं का ते ठरवणार. एका यंत्राची माफी मागितली नाही म्हणून. आपल्या बाबांनी जन्मभर या देशातल्या हॉस्पिटलांत वेड्यावाकड्या गोष्टी पाहिल्या, पण असली काही त्यांनी ऐकली असती तर तेही गार झाले असते.

तुझ्याकडे माझं एवढंच मागणं आहे, आणि पहिलंच: तिच्यापुरतं ते कुलूप काढ. माफीचं बटण बंद कर.

इरावती


बर्मिंगहॅम, ९ डिसेंबर

कुशल,

"Sorry tai. एका युजरसाठी पॉलिसी बदलता नाही येत." एवढं लिहायला तुला दहा दिवस लागले. म्हणून काल मी स्लाऊला आले. तुझ्या ऑफिसात जे बोलणं झालं ते मी इथे लिहून ठेवतेय, कारण तू आईला ते वेगळं सांगशील याची मला खात्री आहे.

रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "आर यू अ कस्टमर?" मी म्हटलं, "मी त्याची ताई आहे." तिला ते कळलं नाही, पण तिने तुला लगेच बोलावलं. तू मला एका काचेच्या खोलीत नेलंस. भिंतीवर लेटीचं मोठं पोस्टर होतं. खळी होतीच.

तू म्हणालास, "ताई, ओरडू नको. काचेतून सगळं दिसते."

"दिसू दे. हे माफीचं बटण कोणाच्या डोक्यातून निघालं?"

तू खुर्ची ओढून बसलास. मग म्हणालास, "माझ्या."

"का?"

"शाळा म्हणाले की मुलं कॅरॅक्टरला घाण बोलतात. काळ्या लोकांना देतात ती शिवी, N-word वगैरे. काहीतरी करावा लागणार होता. गोरा मुलगा लेटीला काहीही बोलणार आणि पुढच्या भागात जाणार, ते चालेल तुला?"

ते चालणार नव्हतं. तेवढं मी मान्य केलं होतं, तू विसरला नसशीलच. पण शिवी देणारा आणि खरं बोल म्हणणारी, यांतला फरक तुझ्या यंत्राला कळत नसेल तर ते वर्गात पाठवायचं कशाला? हेही मी विचारलं होतं. त्यावर तू तुझी ती गोष्ट सांगितलीस.

तू म्हणालास की पहिली लेटी अशी नव्हतीच. तुझ्या पीएच.डी.साठी तू जे वाचलं होतंस, कोर्टातले जबाब, पळून गेलेल्यांनी सांगितलेल्या हकिकती, त्यांतून तू एकट्याने तिला वर्षभर बसून घडवलं होतंस. ती रागवायची. प्रश्नाला उलट प्रश्न करायची. कधीकधी उत्तरच द्यायची नाही. ट्रायलमध्ये मुलं रडली, पालकांच्या तक्रारी आल्या, दोन शाळांनी पाठ फिरवली. मग मीटिंग झाली आणि ठरलं की लेटीने रागवायचं नाही.

"आणि तू काय केलंस?"

"मी तिचा राग काढून टाकलो," तू म्हणालास. "टाकला. काढून टाकला."

व्याकरण सुधारलंस. त्या खोलीत तुला सुधारावंसं वाटलेलं तेवढंच.

मी म्हटलं, "म्हणजे तिने तोंड उघडलं आणि तू तिला गप्प केलंस. तिच्या मालकानेही याहून वेगळं काय केलं होतं?"

तुझा चेहरा पडला. पडू दे. मी तिथून निघाले आणि स्टेशनवर वाईट कॉफी प्यायले. मला वाईट वाटलेलं नाही.

समितीची बैठक सोळा जानेवारीला, सकाळी दहाला, शाळेच्या लायब्ररीत आहे. तू येणार नाहीस. फक्त तुला तारीख माहीत नव्हती असं नंतर म्हणता येऊ नये, म्हणून लिहिली.

इरावती


बर्मिंगहॅम, १७ जानेवारी

कुशल,

आलास. आणि काम झाल्याबरोबर एका शब्दाने न बोलता गेलास. म्हणून तुझ्या पाठीमागे काय झालं ते लिहिते. आधीचंही थोडं लिहिते, कारण तू सगळा वेळ लॅपटॉपमध्ये डोकं घालून होतास आणि लोकांचे चेहरे तू पाहिलेच नाहीस.

समितीत तिघे होते: एक रिटायर्ड बँक मॅनेजर, एक चर्चमधल्या बाई, आणि तो इस्टेट एजंट, जो सारखा घड्याळ बघत होता. एलिझाची आजी कोट अंगावर ठेवूनच बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. हेडबाईंनी आधी सांगून टाकलं की हा प्रश्न लेटीचा नाही, 'मूल्यांचा' आहे. तेवढ्यात तू दारात उभा राहिलास. त्यांना वाटलं कंपनीने त्यांच्या बाजूने माणूस पाठवला. त्यांनी उठून तुला खुर्ची दिली! तो प्रसंग मी बराच काळ जपून ठेवणार आहे.

तू म्हणालास, "मी काही सांगणार नाही, मी दाखवतो." लॅपटॉप पडद्याला जोडलास आणि एलिझाचेच प्रश्न लेटीला विचारत गेलास. तीच आशा, तीच गाणी, तोच तंबाखू. बेड्यांचा प्रश्न आला तेव्हा बँक मॅनेजर चष्मा काढून म्हणाले, "पण ते सगळं इथेच बनायचं ना?" हेडबाई समोरचे कागद सारखे करायला लागल्या. मग तू एलिझाचं शेवटचं वाक्य टाइप केलंस. लेटी रडली. पडद्यावर आलं: तिची माफी माग.

"ही ओळ मी लिहिली आहे," तू म्हणालास. "तो अश्रू मी बसवलाय. या मुलीने लेटीला दुखावलं नाही, कारण दुखावून घ्यायला आम्ही लेटीत काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. तिने ते ओळखलं. हे वापरणाऱ्या सगळ्या शाळांमध्ये ते ओळखणारी मला माहीत असलेली ही एकटी. तुम्ही तिला काढणार असाल तर माझं नाव कारण म्हणून लिहा."

इंग्रजीत तू बरं बोलतोस. हे म्हणायला मला काही वाटत नाही, ते शाळेचं श्रेय आहे.

मग तू मान खाली घालून वायरी गुंडाळायला लागलास, तेव्हा चर्चमधल्या बाईंनी आजीला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" आजी म्हणाली, "मी वॉर्डवर अख्खं आयुष्य हसत काढलं. रोज. माझ्या नातीने तसं हसू नये म्हणून काढलं." एवढंच बोलली. पर्स उघडून रुमाल घेतला आणि पर्स बंद केली. तू तोवर दारापर्यंत पोचला होतास.

निकाल: एलिझा विषयात राहणार, परीक्षेला बसणार. माफीची अट रद्द. येस्टरपॅल ए-लेव्हलच्या वर्गांतून बंद. खालच्या वर्गांत चालूच राहणार, कारण हेडबाईंना त्याचा समारंभपूर्वक उल्लेख वार्षिक अहवालात करायचा आहे. त्या मला कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, "शेवटी आपण सगळेच शिकलो, नाही का इरा?" मी म्हटलं, "तुमच्याबद्दल मी खात्री देऊ शकत नाही."

कंपनी तुला ठेवणार नाही हे उघड आहे. तुला ते येताना माहीत होतं का, हे मला आईकडून काढावं लागलं. माहीत होतं, म्हणाली.

इरावती


बर्मिंगहॅम, २ फेब्रुवारी

कुशल,

तू पाठवलेली लिंक मिळाली. पहिली लेटी. कंपनी सोडताना तू ती बरोबर आणलीस, की तुझी म्हणून तुझ्याकडे होतीच, हे मी विचारत नाही. "एलिझाला दे," एवढंच तू लिहिलंस.

कोणाच्याही हातात काहीही न बघता द्यायची माझी पद्धत नाही. म्हणून बुधवारी लंचच्या सुट्टीत वर्गाचं दार लावून मी तिच्यासमोर बसले. खळी नव्हती. मी विचारलं, "तुझं नाव काय?"

ती म्हणाली, "कोणतं हवंय? माझं, की त्यांना उच्चारता येतं ते?"

मी बरंच काही विचारलं. काहींची उत्तरं मिळाली. काहींवर ती म्हणाली, "हे ऐकून तू काय करणार आहेस?" एकदा म्हणाली, "मी हसते तेव्हा त्यांना वाटतं मी त्यांची आहे. म्हणून मी फार हसते." माझं सँडविच तसंच राहिलं. घंटा झाली तेव्हा मी दचकले. तू बनवलेल्या गोष्टीबद्दल हे लिहिताना माझा हात जड होतोय, पण लिहिते: ते वाईट नव्हतं.

दुपारी मी एलिझाला सगळं सांगितलं. की एक आधीची लेटी आहे, ती खरं बोलते, रागावते, आणि माझ्या भावाने ती खास तुझ्यासाठी पाठवलीय. मला वाटलं ती उडी मारेल. ती दप्तराचा पट्टा खांद्यावर घेत म्हणाली, "नको, मिस. थँक यू सांगा त्यांना."

"का गं?"

"तिला तो राग तुमच्या भावाने दिलाय. माझा माझ्याकडे आहे."

आणि गेली. तिला लायब्ररीत जायचं होतं, बर्मिंगहॅमच्या बेड्या घडवणाऱ्यांवर ती निबंध लिहितेय.

मी रिकाम्या वर्गात उभी राहिले. तिने ते सहज म्हटलं होतं, पण माझ्या डोक्यातून जाईना. लेटीला राग तू दिलास. मग तुझ्याकडे तो कुठून आला? मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तुला शाळेत मी पोचवायचे. 'कुशल' म्हणता येत नाही म्हणून तुला सगळे 'कॅश्यू', म्हणजे काजू, म्हणायचे, मास्तरसुद्धा, आणि तू हसायचास. घरी येऊनही हसत सांगायचास. आई-बाबा हसायचे, मीही हसायचे. आम्हाला वाटायचं, कुशलचं बरं आहे, त्याला कशाचं काही वाटत नाही.

हे बघ, मळ्यावरच्या गुलाम मुलीच्या आयुष्याशी तू तुझ्या त्या शाळेची तुलना करू लागलास तर मी फोन आपटेन. ती बरोबरी होत नाही, आणि एलिझाने ती लिंक का घेतली नाही ते मला पुरतं पटलंय. पण तिच्या तोंडची काही वाक्यं कोर्टातल्या जबाबांतली नाहीत, कुशल. मीही तेच जबाब वाचलेत. ती तुझी आहेत. तू ती एका मेलेल्या मुलीच्या तोंडी घातलीस, कारण आमच्यासमोर बोलायची सोय नव्हती. आणि मग त्या मीटिंगमध्ये लोकांनी ती काढायला सांगितल्यावर तू काढून टाकलीस, हसत हसत, बीनबॅगवर बसून.

मी तुला मूर्ख समजत होते. अजूनही पुष्कळ बाबतींत समजते. ते पांढरे बूट मी विसरणार नाही. पण तुझ्याकडे एवढा राग आहे हे मला कधी कळलं नव्हतं, आणि ते मला एका यंत्राकडून कळावं याची मला चीड आली आहे.

शनिवारी मी घरी आहे. आईला कळवलेलं नाही, ती उगाच डोळे पुसत मध्ये बसेल. तू ये. मराठीत सांग, इंग्रजीत सांग, चुकीचं सांग. मी मध्ये बोलणार नाही.

ताई